मामांचा फोन आणि पुढचा डावा टायर

मावशींच्या गाडीचा पुढचा डावा टायर रोज बसत नव्हता, हीच खरी अडचण होती. रोज बसणाऱ्या टायरला कारण असते, आणि कारण असले की ते हुडकून काढता येते. हा टायर मात्र लहरी होता. काही दिवस तो इतर तिघांच्या बरोबरीने ताठ उभा असे, आणि मग एखाद्या सकाळी, भरपेट जेवून भिंतीला टेकलेल्या माणसासारखा, जमिनीवर ऐसपैस पसरलेला दिसे. हवा भरली की पुन्हा शहाण्यासारखा वागू लागे.

मावशींनी उभी हयात महाविद्यालयाच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत घालवली होती. 'लहर' हे कारण त्यांना मान्य नव्हते. विद्यार्थ्यांनी त्यांचे नाव पुरावाबाई ठेवले होते, कारण परीक्षानळी कुणी फोडली इथपासून उशीर का झाला इथपर्यंत कोणत्याही विधानावर त्यांचा एकच प्रश्न असे: "पुरावा?" हे नाव पुढे घरापर्यंत पोहोचले, आणि त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. याहून वाईट नावे त्यांनी इतरांची ऐकली होती.

गाडी त्यांच्या वडिलांची. वडील गेल्यावर ती अंगणातल्या छपराखाली नुसती उभी होती. निवृत्तीनंतर, ज्या वयात माणसे एकमेकांना गुडघ्यांची खुशाली विचारू लागतात त्या वयात, मावशी गाडी शिकल्या. शिकवणाऱ्याने पहिल्या आठवड्यात कपाळाला हात लावला आणि दुसऱ्या आठवड्यात तो काढला. तेव्हापासून मावशी पोहायला जात, वाचनालयात जात, आणि संध्याकाळी औषधांच्या दुकानातून भाचीला घेऊन येत. ही भाची त्या दुकानात कामाला होती आणि त्यांच्याकडेच राहत होती. तिची आई, म्हणजे मावशींची धाकटी बहीण, परगावी असे. गाडीने मावशींना वेग दिला असे म्हणणे धाडसाचे ठरेल, पण गाडी आल्यापासून "मला जरा सोडशील का?" हे वाक्य त्यांना कुणापुढे उच्चारावे लागले नव्हते. त्या वाक्याचा त्यांना किती कंटाळा होता, हे ते वाक्य गेल्यावरच त्यांच्या लक्षात आले.

त्या सोमवारी संध्याकाळी मावशींच्या भावाचा, म्हणजे भाचीच्या मामांचा, फोन आला. मामांचे फोन खुशालीने सुरू होत नसत.

"ताई, हवा किती आहे?"

"पुरेशी आहे."

"पुरेशी म्हणजे किती?"

"पुरेशी म्हणजे गाडी चालेल इतकी."

"परवा पुढचा डावा पुन्हा बसला होता म्हणे."

मावशींनी भाचीकडे पाहिले. भाचीला एकाएकी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालण्यात फार रस निर्माण झाला.

"बसला होता. भरला. उठला," मावशी म्हणाल्या.

"हे बघ, मी रोज असल्या गाड्या बघतो." मामा विमा कंपनीसाठी अपघात झालेल्या गाड्यांची पाहणी करत. "टायरकडे दुर्लक्ष झालं, वळणावर गाडी हातातून सुटली, संपलं."

"तू फक्त ठोकलेल्या गाड्या बघतोस. न ठोकलेल्या गाडीचा मालक तुला कशाला बोलावील? तुझा नमुनाच एकांगी आहे."

"माझ्या नमुन्याचं राहू दे. माझ्या मुलाला नवीन नोकरी लागलीय, गावाबाहेर जावं लागतं, त्याला गाडी हवीय. आणि गाडी बाबांची, म्हणजे आपल्या दोघांची. धाकटीनं तर हात वर केलेत. तुला सांभाळता येत असेल तर ठेव, मी ब्र काढणार नाही. पण टायरसुद्धा धड राहत नसेल तर..."

"सांभाळता येते मला."

"मग असं करू. रविवारी सकाळी मी येतो. बसनं येतो. टायर बसलेला दिसला, तर गाडी मी घेऊन जाणार. नाही दिसला, तर आल्या पावली बसनं परत, आणि हा विषय पुन्हा काढणार नाही."

"मंजूर."

मावशींनी इतक्या चटकन होकार दिला, याचे कारण अट पडताळून पाहता येण्याजोगी होती. अशा अटींवर त्यांचे मनापासून प्रेम होते. फोन ठेवल्यावर मात्र त्यांच्या ध्यानात आले, की ज्याचा नियम आपल्याला ठाऊक नाही अशा वस्तूवर आपण गाडी पणाला लावून बसलो आहोत.

त्याहूनही एक गोष्ट त्यांना डाचत होती. "पुरेशी आहे," असे त्या बोलून गेल्या होत्या, पण हवा त्यांनी पाहिली कुठे होती? ते विधान बिनपुराव्याचे होते. त्यांनी टेबलाच्या खणातून हवा मोजायचे गेज काढले. ते पेनासारखे लांबट आणि चकचकीत असून खिशाला लावायला त्याला पेनासारखाच चाप होता. अंगणात उतरून त्यांनी ते पुढच्या डाव्या चाकाच्या व्हॉल्व्हवर दाबले. जरासे फुसकन वाजले, आतली पट्टी बाहेर सरकली, आकडा चांगला होता. आपण भावाशी खोटे बोललो नाही, या समाधानात त्या वर आल्या आणि शांत झोपल्या.

मंगळवारी सकाळी टायर बसलेला होता.

भाची चहाचा कप घेऊन खिडकीपाशी आली आणि खाली पाहून म्हणाली, "झोपलेत वाटतं महाराज."

"आज याचा सोक्षमोक्ष लावायचा," मावशी म्हणाल्या. "तुझी सुट्टी आहे ना?"

"होती," भाची म्हणाली.

वास्तविक टायरवाल्याला चाक दाखवून झाले होते. त्याने ठासून हवा भरली, चाक पाण्याच्या टाकीत गरागरा फिरवले, एकही बुडबुडा आला नाही. "काही नाही यात, मॅडम. उगाच मनाला लावून घेऊ नका," असा सल्ला त्याने वर दिला. मावशींनी आयुष्यात पुष्कळ गोष्टी तपासल्या होत्या, पण मनाला लावून एकही घेतली नव्हती. त्यामुळे या खेपेस तपासणी घरीच करायची, पद्धतशीर करायची, असे त्यांनी ठरवले.

आधी पायाने दाबायच्या पंपाने हवा भरली. पंपाला स्वतःचा काटा होता, तो हव्या त्या आकड्यावर आल्यावर त्या थांबल्या. मग चाकाच्या नटांची पकड सैल केली, जॅक लावून गाडी उचलली, नट पुरते काढले आणि दोघींनी चाक उतरवून कपडे भिजवायच्या मोठ्या टबात ठेवले. टबात साबणाचे पाणी होते. मावशींनी रंगकामाचा ब्रश घेऊन टायरची नक्षी, दोन्ही बाजू, टायर आणि लोखंडी चकती जिथे एकमेकांना भिडतात ती कड, आणि शेवटी व्हॉल्व्हचे तोंड, असे इंच इंच माखून काढले. मग दोघी टबाच्या दोन बाजूंना उकिडव्या बसून बुडबुड्यांची वाट पाहू लागल्या.

"काय बघायचं?" भाचीने विचारले.

"एकाच जागेवरून पुन्हा पुन्हा येणारा बुडबुडा."

"एकही येत नाहीये."

"तेच बघायचं."

बराच वेळ झाला. फेस विरून गेला. भाचीच्या पायाला मुंग्या आल्या. मावशींनी थंडीचाही विचार करून पाहिला. रात्री हवा गार झाली की टायरमधला दाब थोडा उतरतो, पण टायर आडवा पडण्याइतका नव्हे, आणि थंडी काय ती एकाच चाकाला वाजत नाही. चाक पुन्हा बसवले. निष्कर्ष टायरवाल्याचाच निघाला, तोही दुप्पट मेहनतीने.

हात पुसता पुसता भाची म्हणाली, "माझं एक मत आहे. रागावणार नसशील तर सांगते."

"मत सांग. रागाचं मग बघू."

"मामाचा फोन आला की टायर बसतो."

मावशींनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिले.

"खरंच. काल फोन, आज बसला. मागच्या खेपेलाही तसंच. त्याच्या आधी मी आईकडून आले त्या दिवशी, तेव्हाही रात्री मामाशी तुझी खडाजंगी झाली होती. मी बॅग घेऊन दारात उभी होते, आठवतं ना?"

"दोन गोष्टी मागोमाग घडल्या म्हणजे पहिलीनं दुसरी घडवली, असं होत नाही. पहिल्या वर्षाच्या मुलांनासुद्धा हे कळतं."

"मी कुठं म्हणते घडवली? मी म्हणते, बसतो."

"आणि हे होतं कसं? तारेतून?"

"हल्ली तार नसते, मावशी."

"तेच म्हणते मी," मावशी म्हणाल्या आणि टब उपडा करायला निघून गेल्या. एखाद्या विधानाला यंत्रणा नसेल तर त्याला त्या घरात बसायला खुर्चीही मिळत नसे.

मग त्यांनी निरीक्षण चालवायचे ठरवले. हवा भरली आहे, चाक तपासून झाले आहे. आता त्याला हात लावायचा नाही, रोज सकाळी खिडकीतून नुसते पाहायचे. बुधवारी टायर ताठ होता. गुरुवारी ताठ होता. मावशी पोहून आल्या, भाचीला घेऊन आल्या, भाजी घेऊन आल्या, आणि तो चुकूनही वाकला नाही.

गुरुवारी संध्याकाळी मामांचा फोन आला.

"ताई, हवा किती आहे?"

"पुरेशी आहे."

"बघून सांगतेस की अंदाजानं?"

हा बाण वर्मी लागला. "रविवारी ये आणि बघ," असे म्हणून त्यांनी फोन ठेवला, खणातून गेज काढले, आणि अंगणात उतरून आपले विधान तपासून आल्या. विधान बरोबर निघाले.

शुक्रवारी सकाळी टायर बसलेला होता.

भाचीने कप खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला, हाताची घडी घातली आणि छताकडे पाहत राहिली. गप्प राहून इतके बोलणारी मुलगी मावशींनी पाहिली नव्हती.

"बोल," मावशी म्हणाल्या.

"मी कशाला बोलू? माझ्याकडे यंत्रणा नाही."

मावशींनी खाली जाऊन निमूटपणे हवा भरली. रविवार उंबरठ्यावर आला होता. गाडी गेली तर त्या आठवड्यापासून पुन्हा कुणाच्या तरी सवडीने पोहायला जायचे, कुणाच्या तरी घड्याळाने परत यायचे, आणि वाटेत त्या कुणाला तरी बरे वाटेल असे बोलायचे. पंप दाबताना हे सगळे त्यांच्या डोळ्यांपुढून गेले. वर आल्या तेव्हा त्यांचा आवाज बदललेला होता. प्रयोगशाळेत एखाद्या मुलाचे उत्तर चुकीचे आहे अशी खात्री असताना ते बरोबर निघाले, की त्यांचा आवाज असा होत असे.

"तुझ्या म्हणण्याला अपवाद आहे का? फोन आला आणि तरी टायर बसला नाही, असं कधी झालं?"

"झालं ना. एकदा." भाची प्रामाणिक होती. "मागच्या महिन्यात. चांगला लांबलचक फोन होता, तू शेवटी लाल झाली होतीस. सकाळी टायर एकदम ठणठणीत. म्हणून तर मी इतके दिवस बोलले नाही."

"त्या संध्याकाळी वेगळं काय होतं?"

"काही नाही. फोन ठेवलास आणि घर डोक्यावर घेतलंस. खण उपसलास, कपाट उपसलंस. ते तुझं हवा मोजायचं सापडत नव्हतं. मग दुसऱ्या दिवशी दुकानात मी एका गिऱ्हाइकाला औषधाच्या वेळा लिहून द्यायला खिशातलं पेन काढलं, तर ते निघालं. मी पेन समजून ॲप्रनला लावून नेलं होतं."

मावशी खुर्चीवर बसल्या.

"म्हणजे त्या संध्याकाळी मी हवा मोजली नाही," त्या सावकाश म्हणाल्या. "बाकी प्रत्येक फोननंतर मोजली. आणि फोन नव्हता तेव्हा मोजली नाही, कारण तपासायला विधानच नव्हतं."

"मोजल्यानं टायर बसतो?"

"मोजताना मी व्हॉल्व्हच्या आतली पिन दाबते. हात काढला की ती पिन परत वर येऊन तोंड बंद करायला हवी. समज, ती पुरती वर येत नाहीये. कचरा अडकला असेल. मग रात्रभर थोडी थोडी हवा जात राहते. सकाळी आपण पंप लावतो, जोरानं हवा आत जाते, पिन हलते, कचरा बाजूला होतो, तोंड पुन्हा घट्ट बसतं. आणि मग," इथे त्या थांबल्या, कारण पुढचे वाक्य उच्चारायला जड होते, "आणि मग मी साबण लावून गळती शोधते. आधी दुरुस्त करायचं आणि मग बिघाड शोधायचा."

"टायरवाल्यानंही तेच केलं."

"त्याचं राहू दे. तो पुरावाबाई नव्हता."

भाची हसली नाही, ही तिची माया. तिने एवढेच विचारले, "आता पिन बदलायची?"

"आता नाही. आत्तापर्यंत फोन आणि मोजणं एकत्रच आलंय. दोन्ही वेगळे करायला हवेत. आज फोन, मोजणं नाही. उद्या मोजणं, फोन नाही."

"अगं, परवा मामा येणार आहे. सरळ बदलून टाक ना."

"आणि कारण दुसरंच निघालं तर? परवा सकाळी कळेल, मामाच्या समोर."

म्हणून शुक्रवारी संध्याकाळी मावशींनी आपणहून भावाला फोन लावला. अशी घटना पूर्वी घडली नव्हती, त्यामुळे मामा आधी घाबरले.

"ताई? काय झालं? ठोकलीस का कुठं?"

"काही झालेलं नाही. तू तुझं नेहमीचं विचार."

"काय नेहमीचं?"

"नेहमीचं. विचार ना."

"...हवा किती आहे?"

"पुरेशी आहे," मावशी म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

इथवर सोपे होते. उरलेली संध्याकाळ त्यांना फार जड गेली. एक बिनपुराव्याचे विधान त्यांच्या नावावर मोकळे फिरत होते आणि ते तपासायची मुभा नव्हती. त्या वाचायला बसल्या आणि तेच पान पुन्हा पुन्हा वाचत राहिल्या. एकदा पाणी प्यायला म्हणून उठल्या आणि जिन्यापर्यंत पोहोचल्या.

"मावशी," आतून भाचीचा आवाज आला, "पाणी स्वयंपाकघरात आहे."

"ठाऊक आहे मला."

"आणि गेज माझ्या उशीखाली आहे, उगाच खण उपसू नकोस."

शनिवारी सकाळी टायर ताठ होता. भाचीने खिडकीतून पाहिले आणि तिचा चेहरा पडला, कारण तिचे मत, निदान तिने मांडले होते त्या रूपात, निकालात निघाले होते.

"आता दुसरा अर्धा भाग," मावशी म्हणाल्या.

त्या दोघी अंगणात उतरल्या. भाचीच्या हातात साबणाच्या पाण्याची वाटी होती. मावशींनी नेहमीच्याच हाताने गेज व्हॉल्व्हवर दाबले. फुसकन वाजले, पट्टी सरकली. त्यांनी गेज काढले, आणि पंपाकडे ढुंकूनही न पाहता साबणाचे दोन थेंब व्हॉल्व्हच्या तोंडावर सोडले.

आधी काहीच झाले नाही. मग तोंडावर एक पातळ फुगा आला. तो सावकाश, कुणी निवांतपणे च्युइंगम फुगवावे तसा, वाढत गेला आणि फुटला. त्याच्या मागोमाग दुसरा आला.

"एकाच जागेवरून," भाची म्हणाली.

"पुन्हा पुन्हा," मावशी म्हणाल्या.

मग त्यांनी पंप लावून थोडी हवा भरली आणि पुन्हा साबण सोडला. आता काही येईना. पुन्हा गेज दाबले, पुन्हा फुगे. हे त्यांनी आणखी एकदा करून पाहिले, आणि मग आणखी एकदा, ज्याची गरज नव्हती. चूक स्वतःची असली तरी ती इतकी नीटनेटकी निघाल्याचा त्यांना आनंद झाला होता. व्हॉल्व्हवर टोपी नव्हती, हेही त्यांनी आता पाहिले. घाईघाईने मोजायला उतरल्यावर केव्हातरी ती काढून ठेवली असणार आणि लावायची राहिली असणार. उघड्या तोंडात रस्त्यावरची धूळ गेली होती. बाकी तिन्ही चाकांच्या टोप्या जागेवर होत्या, कारण त्यांच्याबद्दल मामा कधी काही विचारत नसत.

टायरवाल्याने नवी पिन आणि धातूची टोपी दिली. त्या टोपीच्या टोकाला दोन दात होते. टोपी उलटी धरली की तेच दात पिन फिरवायची चावी होतात.

"आणा गाडी, बसवून देतो," तो म्हणाला.

"नको. घरीच बसवते."

"हवा पूर्ण जाईल बघा पिन काढल्यावर."

"म्हणून आधी गाडी जॅकवर घेणार आहे," मावशी म्हणाल्या, आणि तो आदराने मागे सरकला, किंवा दुसरे गिऱ्हाईक आले होते.

गाडी जॅकवर चढली. दात पिनीच्या खाचेत बसवून मावशी टोपी उलटी फिरवू लागताच आत कोंडलेली हवा सूं करून सुटली, आणि शेवटच्या आट्याला पिन सटकन उडून भाचीच्या चपलेवर पडली. मावशींनी ती उचलून उजेडात धरली. इवल्याशा रबरी कड्यावर वाळूचा एक कण रुतून बसला होता. एवढ्याशा कणाने दोन भावंडांना आठवडाभर कामाला लावले होते. त्यांनी व्हॉल्व्हचे तोंड कापडाने पुसले, नवी पिन बसवली, बेताने आवळली. मग सुरू झाला पंप. रिकामा टायर पायाने भरणे हे काम सांगायला सोपे असते. आधी मावशींनी पंप दाबला, मग भाचीने, मग पुन्हा मावशींनी. काटा हलायचे नाव घेईना.

"मामाला गाडी दिली असती तर हे त्याच्या मुलानं केलं असतं," भाची धापा टाकत म्हणाली.

"थोडा वेळ बोलणं थांबव. हवा वाचेल."

शेवटी काटा जागेवर आला. मावशींनी गेज दाबले, काढले, साबण सोडला. फुगा आला नाही. टोपी घट्ट लावली. त्या रात्री त्यांना कुणाचाही फोन आला नाही आणि झोपही जरा उशिरा आली.

रविवारी मामा बसने आले. हातात चामड्याची बॅग होती. दारात पाऊल टाकण्याआधी ते थेट छपराखाली गेले. टायर ताठ होता. त्यांनी त्याला बुटाने एक लाथ हाणून पाहिली, मग बॅगेतून स्वतःचे मोठे, गोल तबकडीचे गेज काढले. मावशी जिन्याच्या पायरीवर उभ्या होत्या. भावाने टोपी काढली, गेज दाबले, तबकडी पाहिली, पटले नाही म्हणून पुन्हा दाबले, आणि मग तिसऱ्यांदा. प्रत्येक फुसकाऱ्याबरोबर मावशी एक पायरी खाली उतरत होत्या. नवी पिनसुद्धा पिनच, आणि वाळू काय ती पहिल्याच पिनीच्या नशिबी होती असे कुणी सांगावे?

"हवा आहे," मामा म्हणाले. "आत्ता आहे. जरा थांबू. थोड्या वेळानं परत बघतो."

"टोपी लाव."

"काय?"

"टोपी लाव आधी."

मामांनी टोपी लावली. न्याहारी झाली. मामांनी एका गाडीची हकिगत सांगितली, जी पुलावरून खाली गेली होती, आणि दुसऱ्या एकीची, जी दुकानात शिरली होती. मावशींनी एकाही वाक्याला पुरावा मागितला नाही. भाचीला ते पाहून काळजी वाटली. शेवटी मामा उठले, खाली गेले, मोजून वर आले, आणि खुर्चीवर बसत म्हणाले, "तेवढीच आहे."

"मग?" भाचीने विचारले.

"मग काय? ठरलं ते ठरलं. गाडी ताईची. पोराचं काय ते बघू, एखादी जुनी शोधू त्याला." त्यांनी बॅगेचा चाप लावला. "पण गळत कुठून होती, ते तर सांग."

खरे उत्तर द्यायचे तर मावशींना स्वतःलाही सोडता येत नव्हते.

"तू फोन करून हवा किती ते विचारायचास. मी पुरेशी म्हणायचे, आणि मग खरंच आहे का ते बघायला जायचे. मी बघितलं की गळायला लागायची."

मामांनी बहिणीकडे पाहिले, मग भाचीकडे. भाचीने मान डोलावली.

"म्हणजे माझ्या फोनमुळे टायर बसायचा?"

"हे मी आधीच सांगितलं होतं," भाची म्हणाली.

"तू सांगितलंस त्याला यंत्रणा नव्हती," मावशी म्हणाल्या. मग त्यांनी पुस्ती जोडली, "पण निरीक्षण बरोबर होतं. ते मी ऐकायला हवं होतं."

भाचीने हे वाक्य ऐकले न ऐकल्यासारखे केले, आणि कपबश्या उचलून स्वयंपाकघरात गेली. तिथून बराच वेळ तिच्या गुणगुणण्याचा आवाज येत होता.

"मग आता मी फोनच करायचा नाही?" मामांनी विचारले. ते रागावले नव्हते. त्यांना खरोखरच प्रश्न पडला होता.

"कर की. दुसरं काहीतरी विचार."

"दुसरं काय विचारू?"

मावशींनी गाडीची किल्ली उचलली.

बसथांब्यावर मामांना सोडायला त्या गाडीनेच गेल्या. मामा शेजारी बसले होते आणि प्रत्येक वळणाआधी त्यांचा उजवा पाय, जिथे ब्रेक नव्हता तिथे, जमिनीत रुतत होता. मावशींनी ते पाहिले आणि वेग थोडा कमी केला. उतरताना मामांनी दार लावले, पुढच्या डाव्या चाकाकडे एक नजर टाकली, आणि लाथ न मारता निघून गेले.

संध्याकाळी फोन वाजला.

"ताई," मामा म्हणाले. पुढचा शब्द त्यांनी एखादी जड वस्तू सरकवावी तसा पुढे ढकलला. "पोहोचलो."

"बरं झालं."

"पोहायला जातेस का अजून?"

"जाते. उद्याही जाणार आहे."

"पाणी थंड असेल."

"असतं. पहिली फेरी मारली की कळत नाही."

"बरं. आणि... हवा?"

"पुरेशी आहे," मावशी म्हणाल्या.

फोन ठेवून त्यांनी सवयीने टेबलाचा खण उघडला. खणात गेज नव्हते. समोर भाची दुसऱ्या दिवशीसाठी ॲप्रनला इस्त्री करत होती, आणि खुर्चीच्या पाठीवर टाकलेल्या दुसऱ्या ॲप्रनच्या खिशाला, दोन पेनांच्या मधोमध, ती चकचकीत वस्तू नीट लावून ठेवलेली होती. मावशींनी ती पाहिली. मग खण बंद केला आणि पोहण्याचा टॉवेल शोधायला आत गेल्या.